राउटरची खोड

अनसिंगात एक काळ असा होता, की कोणाला बैल घ्यायचा असला तर तो आधी बाजारात जात नसे, आधी शालिकरामच्या दारात येई. शालिकराम तसा भाजीवाला माणूस. विहिरीच्या पाण्यावर वांगी, टमाटे, पालक, कोथिंबीर, आणि सकाळच्या गाडीनं माल वाशीमच्या बाजारात. पण बैल पारखावा तो त्यानंच. दात काय, सगळेच पाहतात हो. खूर, शेपटीचा गोंडा, वशिंड पाहणारेही पुष्कळ. शालिकराम मात्र बैलासमोर उकिडवा बसायचा, तळहातावर तंबाखू मळायचा आणि बैलाच्या मालकाला विचारायचा, "याची खोड काय हाये?"

मालक म्हणायचा, "खोड? नाव नका घेऊ भाऊ. गाय हाये निस्ती."

"मंग राहू दे तुह्यापाशीच," म्हणून शालिकराम उठायचा. "बिनखोडीचा बैल म्या अजून पाह्यला नाही, आन बिनखोडीचा मानूसही नाही."

थोडा पुढे गेला, की मालक मागून धावत यायचाच. कानाशी लागून सांगायचा, डाव्या अंगाला जुंपला तं अडते, नाही तर पाण्यात पाय घालत नाही. तेवढं ऐकलं की शालिकरामचा चेहरा खुलायचा. खोड कळली की तिच्या बेतानं काम लावता येतं; लपवलेली खोड ऐन पेरणीत निघते आणि माणसाला रडवते. मग तो पुढचं बोलायचा, "बोलनं झालं. आता जुंपून पाहू." गाडीत पोती टाकायची, चाकं दोरानं बांधायची आणि बैलाला ओढायला लावायचं. ओढली गाडी तर सौदा, नाही तर रामराम. त्यानं घेऊन दिलेला बैल कोणी परत विकायला काढला नाही, असं गावात म्हणतात. गावाचं काय, गाव काहीही म्हणतं, पण यात खोटं फार नसावं.

पुढे गावात ट्रॅक्टर आले. बैल कमी झाले, आणि शालिकरामच्या दारात येणारी माणसंही कमी झाली. त्याची स्वतःची जोडी म्हातारी झाली तेव्हा नवी घेतली नाही, गोठा तसाच रिकामा राहिला. पण विचारायची सवय कुठे रिकामी होते? एसटीच्या कंडक्टरला विचारायचा, हे तिकिटाचं यंत्र पावसात भिजलं तं काय करता? मोबाईलच्या टॉवरवर चढलेल्या माणसाला खालून ओरडून विचारायचा, वरतं गरम होते का रे? त्याची बायको सीताबाई कपाळावर हात मारायची. "ह्या मानसाच्या तोंडात 'काहून, काहून' बसून हाये," ती म्हणायची; काहून म्हणजे का. "जेवतानाही निंघत नाही."

तर अशा या शालिकरामच्या घरात राउटरचं प्रकरण उभं राहिलं.

त्याची सून सुचिता, हर्षलची बायको. बी.कॉम. झालेली, बोलायला गोड, आणि कामाला लागली की मान वर न करणारी. पोरगी शाळेत जायला लागली तसं सुचितानं घरबसल्या काम मिळवलं. पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्याचे फोन. कोणी गावावरून विचारतं, हाडाचा डॉक्टर कोणत्या दिवशी असतो, कोणाला रिपोर्टची तारीख पाहिजे असते. ते फोन कॉम्प्युटरवरून सुचिताकडे येतात आणि ती कानाला हेडफोन लावून उत्तरं देते. पेशंटला वाटतं बाई पुण्यात बसली आहे. बाई बसली आहे अनसिंगात, शालिकरामच्या घरामागे.

घरामागे म्हणजे त्या रिकाम्या गोठ्यात. कामाला शांतता पाहिजे होती, आणि समोरच्या खोलीत टीव्ही, शालिकरामची खाट आणि दिवसभर येणारी जाणारी माणसं. तेव्हा शालिकरामनं स्वतः गोठा धुतला, चुना मारला, खाली फरशी घातली, पंखा लावला, टेबल आणलं. "सुनेले हापीस काढून देल्लं," असं तो गावभर सांगत होता. त्याला त्याचा फार अभिमान होता, आणि सुचिताही म्हणाली होती, चालते.

सहा-आठ महिने बरं चाललं. मग कामं वाढली, आणि फोन तुटायला लागले. समोरून म्हातारी विचारते आहे, "बाई, उपाशीपोटी येऊ का?" आणि सुचिताचं "हो" मध्येच गायब. म्हातारी हॅलो हॅलो करते, इकडून सुचिता हॅलो हॅलो करते, आणि अंगणात सीताबाई म्हणते, हे पाहा, लागली पुन्हा हॅलोची माळ जपाले. हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती पण. पुण्याच्या ऑफिसातल्या मॅडमनं सुचिताला सरळ सांगितलं, की येत्या सोमवारी मी सकाळपासून दुपारपर्यंत तुमचे फोन मागून ऐकणार. लाइन नीट राहिली तर घरून काम करा. नाही राहिली तर पुण्याच्या ऑफिसात येऊन बसा.

पुण्याला म्हणजे सुचिता एकटी थोडीच जाणार? हर्षल वाशीमला एका कृषी केंद्रात कामाला होता. त्याला काय, पुण्यात दुसरं मिळालं असतं. आणि नात आईबापासोबतच जाणार. शालिकरामला हे ऐकल्यापासून घास गोड लागेना. नात घरात नाही, सून नाही, लेक नाही, आणि आपण दोघं म्हातारे टीव्हीसमोर बसलो आहोत, असं त्याला दिवसाढवळ्या दिसायला लागलं.

"वायर लावून पाह्यली का?" त्यानं सुचिताला विचारलं. त्याला वायर म्हणजे काय ते पुरतं माहीत नव्हतं, पण विचारायला काय जातं?

"पाह्यली ना मामाजी," सुचिता म्हणाली. "समोरच्या खोलीत कॉम्प्युटर नेऊन वायर लावली तं एकदम मस्त चालते. म्हंजे खंब्यावरून येनारं नेट चांगलं हाये. घरात ते राउटर पसरवते ना, बिनवायरीचं, तथीच घोळ हाये. मागंपर्यंत येतायेता मरून जाते."

"मरते काहून?"

"ते मले नाही माहीत."

शालिकरामचे डोळे चमकले. ज्याचं उत्तर घरात कोणालाच माहीत नाही असा प्रश्न त्याला पुष्कळ दिवसांनी मिळाला होता.

तो राउटर हर्षलनं मोबाईलवरून मागवलेला. काळा, चपटा, आणि चारी कोपऱ्यांवर चार उंच दांड्या. शालिकरामनं त्याला खालून वरून पाहिलं, हात लावला आणि म्हणाला, "शिंगं पाहून बैल घेतला बापा तुनं."

"बाबा, त्याले अँटेना म्हन्तेत," हर्षल म्हणाला. "आन चांगला हाये म्हनून लोकांनी भरभरून तारे देल्ले होते त्याले."

"कोन लोकं? त्यायच्या घराच्या भिंती कशाच्या हायेत, विचारलं होतं?"

हर्षल राउटरच्या दांड्या उगाच सरळ करायला लागला. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. सुचितानं हसू दाबलं आणि म्हणाली, "मामाजी, या खेपेले नवा घ्याले तुमीच चला. तुमाले विचारता तरी येते."

बस्स. शालिकरामनं धुतलेली टोपी काढली.

वाशीमला पाटणी चौकाच्या अलीकडे गोविंदसिंगचं दुकान आहे. कॉम्प्युटर, कॅमेरे, राउटर, सगळं मिळतं. गोविंदसिंग तांड्यावरचा पोरगा, शिकून इथे बसला. त्याचा बाप हरिसिंग बैलांचा व्यापारी होता आणि बाजारात शालिकरामशी त्याची कित्येकदा जुंपलेली. म्हणून शालिकरामनं दुसरं दुकान पाहिलंच नाही. सुचिता सोबत होतीच, हर्षल जेवणाच्या सुट्टीत तिथेच आला. त्यानं आल्या आल्या काचेतला एक राउटर धरला: लाल दिवे, कोळ्यासारखे पाय, आणि अँटेना तर विचारूच नका.

"हे पाहा बाबा. याच्यात दम असन."

शालिकरामनं तो हातात घेतला आणि खाली ठेवला. "गोविंद, चालू असलेला दाखव एखांदा. सकाळपासून चालून राह्यला असन असा."

गोविंदसिंगनं दुकानात लावलेले दोन दाखवले. शालिकरामनं दोन्हींच्या पाठीवर हात ठेवला. एक बराच तापलेला होता, दुसरा कोमट. "हा कायले दमला?"

"स्वस्तातला हाये काका. आत मेंदू लहान. एकदोघं असले तं ठीक, घरातले सगळे मोबाईल, टीव्ही, कॉम्प्युटर एकदम लागले का गोंधळून जाते. तापते, अडते, मंग तुमी त्याले बंद करून चालू करता."

"असंच करतो आमी!" सुचिता म्हणाली. "दिवसातून कितीकदा."

"आन त्या शिंगायचं काय?"

"शिंगायनं थोडं होते," गोविंदसिंग हसला. "पन निस्ती शिंगं मोजून काही खरं नाही. आत काय हाये ते पाहा लागते. आजकालचे राउटर दोन आवाजात बोलतेत काका. एक आवाज जाड, तो दूर जाते, भिंतीतूनही जाते, पन हळू बोलते. दुसरा बारीक आन चपळ, लय काम करते, पन भिंत आडवी आली का त्याचं पानी होते. चांगला राउटर कोनता? ज्याले दोन्ही नीट येते, ज्याचा मेंदू मोठा हाये, आन जो कंपनी मांगून सुधारत राह्यते."

शालिकराम ऐकत होता आणि त्याच्या तोंडावर पोरासारखी उत्सुकता होती. हवेतून जाणाऱ्या गोष्टीला भिंत कशी अडवते? पत्र्याला लागून परत फिरते का? पाण्याचा हौद मध्ये आला तर? गोविंदसिंगनं सगळ्याला उत्तरं दिली. पत्रा सगळ्यात वाईट, तो परत लावते. दगडमातीची जाड भिंत पिऊन टाकते. पाणीही पिते. शालिकरामनं मान डोलावली, आणि मागे टोप्या विकायला आलेला एक माणूस उगाच थांबून ऐकायला लागला.

शेवटी गोविंदसिंगनं एक पांढरा, साधा दिसणारा राउटर पुढे केला. चकाकी नाही, दिवा एकच. हर्षलचं तोंड पडलं. शालिकराम त्या खोक्यासमोर वाकला आणि म्हणाला, "याची खोड काय?"

इतकी वर्षं दुकान चाललं होतं, पण हे कोणी विचारलं नव्हतं. सगळे विचारतात, स्पीड किती, वॉरंटी किती. मग गोविंदसिंग खुर्चीतून पुढे सरकला आणि त्याचा आवाज थेट बापाचा झाला.

"दोन खोडी हायेत काका, लपवत नाही. एक म्हंजे, वहिनीनं सांगतलं तशा तुमच्या घरात हा समोरच्या भिंतीले बांधून चालनार नाही. समोर राउटर आन मागं काम, तं मंधातल्या खोलीत ठेवा लागन, उंचावर, पत्र्याच्या पेटीजवळ नाही. फायबरवाल्याले सांगून वायर तितपर्यंत घ्या. दुसरी खोड म्हंजे हा लय देवमानूस हाये. जो मांगन त्याले देते. पोरगा सिनेमा पाहो का बाई काम करो, याले दोन्ही सारखे. पहिला मान कोनाचा, हे त्याले सांगा लागते."

"सांगता येते?" सुचितानं विचारलं.

"येते ना, वहिनी. मोबाईलवरूनच. या, दाखवतो."

सुचिता दुकानाच्या आतल्या बाजूला गेली. शालिकराम मात्र तिकडे गेला नाही. त्याला पहिली खोड पुरेशी वाटली होती, आणि त्याचं मन पुढच्याच गोष्टीवर होतं.

"गोविंद," तो म्हणाला, "मी जुंपून पाह्यन. ओढलं तं ठेवतो."

"बाबा, दुकान हाये हे, बैलबाजार नाही," हर्षल कुजबुजला. त्याला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गोविंदसिंग मोठ्यानं हसला. "न्या काका. माह्या बापानं तुमाले न जुंपता कधी बैल देल्ला नाही, मंग मी काय नवीन कायदा काढू? मंगळवारपर्यंत ठेवा. नाही ओढलं तं परत आना."

रविवारी राउटर मधल्या खोलीत, देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर बसला. सीताबाईनं हळदकुंकू लावायला हात पुढे केला तर शालिकरामनं थांबवलं. "अजून आपला नाही झाला थो." सुचितानं मागच्या खोलीत जाऊन पाहिलं. चालत होतं, झकास चालत होतं. दुसरं कोणी असतं तर त्यानं तिथेच समाधान मानलं असतं. शालिकरामचं कुठलं होतंय? रिकामी गाडी कोणीही ओढतो.

तो गल्लीत उभा राहिला आणि त्याच्या त्या बैलबाजारी आवाजात म्हणाला, "या रे सगळे, मोबाईल घेऊन या! फुकटचं नेट हाये! जेवढं ओढता येईन तेवढं ओढा!"

मग काय विचारता! घरोघरची पोरं आली, बाया आल्या, त्याचा जुना सोबती पुंजाजी पलीकडच्या गल्लीतून आपला चष्मा पुसत आला. शालिकरामनं सगळ्यांना पासवर्ड सांगितला, तोही ओरडून. ओट्यावर, अंगणात, भिंतीला टेकून माणसंच माणसं. कोणी क्रिकेट पाहतंय, कोणी कापसाचा भाव, कोणाची गेम, पुंजाजीनं धम्माचं प्रवचन लावलेलं, आणि मागे गोठ्यात सुचिता वाशीमला गेलेल्या हर्षलशी व्हिडिओवर बोलते आहे. शालिकराम मधल्या खोलीत जाऊन राउटरच्या पाठीवर हात ठेवून यायचा आणि बाहेर येऊन सांगायचा, "कोमट हाये! कोमटच हाये!"

"अरे, तुहा काय नवरदेव बसला का तथी?" पुंजाजी म्हणाला. सगळे हसले. संध्याकाळपर्यंत राउटर एकदाही अडला नाही, आणि शालिकरामला कित्येक वर्षांनी बाजार जिंकून आल्यासारखं वाटलं. सुचिता माजघरात बसून मोबाईलवर काहीबाही करत होती, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. लोक त्याला शाबासकी देत होते.

सोमवार उजाडला. सुचितानं आंघोळ करून चांगली साडी नेसली, जशी काही मॅडम तिला पाहणारच होती, आणि गोठ्याचं दार ओढून घेतलं. शालिकरामनं टीव्ही बंद ठेवला, सीताबाईला मिक्सर लावू दिला नाही, आणि स्वतः अंगणात पाटावर बसला. आतून सुचिताचा आवाज येत होता, "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" स्वच्छ, ठाम, न तुटणारा. त्यानं हा आवाज इतका वेळ बसून कधी ऐकला नव्हता. ही आपल्याच घरातली पोरगी, असं त्याला दोनदा वाटून गेलं.

आणि मग त्याची नजर कुंपणाकडे गेली.

कुंपणाच्या बाहेर, गोठ्याच्या भिंतीला लागून, गल्लीतली पोरं रांगेनं बसलेली. सगळ्यांच्या माना खाली, हातात मोबाईल. पलीकडच्या ओट्यावर बाया. पुंजाजीसुद्धा लिंबाखाली. कालचा पासवर्ड सगळ्यांकडे होताच की! फुकटचं, आणि इतकं चांगलं नेट सोडून कोण जाणार? आपल्याच हातानं आपण गाडीत पोती भरली आणि उतरवायची विसरलो, हे शालिकरामला कळलं. आज सुनेची गाडी चढावर, आणि गाव तिच्या चाकाला लटकलेलं.

ओरडायला त्यानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ओरडला तर ते सगळं आत, मॅडमच्या कानात. आयुष्यभर ज्या आवाजावर त्यानं बाजार गाजवले तो आज कामाचा नव्हता. तो उठला, चपला न घालता कुंपणाबाहेर गेला, पहिल्या पोरासमोर उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. पोरगं भांबावलं. शालिकरामनं मोबाईलकडे बोट केलं, गोठ्याकडे बोट केलं, पुन्हा हात जोडले. पोरानं मुकाट्यानं मोबाईल खिशात घातला. मग दुसरं, मग तिसरं. मग तो ओट्यावरच्या बायांपुढे गेला, ज्या त्याला पाहून एरवी पदर सावरून उठतात, त्यांच्यापुढे त्यानं हात जोडले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. शेवटी लिंबाखाली पुंजाजी. पुंजाजीनं त्याचे जोडलेले हात खाली ओढले आणि कानात म्हणाला, "पागल झाला का बे? पोरीची परीक्षा हाये हे सांगाचं ना." आणि तोच पुढे होऊन राहिलेल्यांना उठवू लागला.

गल्ली रिकामी झाली. शालिकराम परत पाटावर येऊन बसला आणि दुपार होईपर्यंत हलला नाही.

दुपारी गोठ्याचं दार उघडलं. सुचिता बाहेर आली. घामानं तिची साडी पाठीला चिकटली होती, पत्र्याखाली पंखा तरी काय करणार. तिनं हसून सांगितलं, "झालं मामाजी. मॅडम म्हने, एवढी साफ लाइन पुन्यातल्या पोरींचीही नसते."

"वाचलो माय!" शालिकरामनं छातीवर हात ठेवला. "म्या सगळ्यायले वेळेवर उठवलं, नाही तं..."

"मी दाराच्या फटीतून पाहून राह्यली होती," सुचिता म्हणाली. मग हलक्या आवाजात, "पन मामाजी, ते बसले असते तरी चाललं असतं. मी कालच त्या राउटरले सांगून ठेवलं होतं. पहिलं माहं काम, मंग बाकीच्यांचं. गोविंदभाऊनं दाखवलं होतं ना."

म्हणजे शालिकराम सगळ्या गल्लीपुढे उगाच अनवाणी फिरला होता. दुसरी खोड, देवमाणूस, पहिला मान कोणाचा... गोविंदसिंग बोलत होता तेव्हा आपण ऐकलं, पण विचारलं नाही, हे त्याला आता कळलं. आधी तो ओशाळला, मग त्याला हसू आलं. "म्हंजे खरंच देवमानूस हाये म्हना की. राहो. ठेवला आपन थो. आता तू कुठी जात नाही, बस्स झालं."

सुचिता हसली नाही. ती पाटाशेजारी खाली बसली.

"मॅडमनं शेवटी विचारलं मले. लाइन चांगली हाये, घरून करा. नाही तं पुन्यालेही एक जागा रिकामी हाये, ते पाहिजे असन तं ते घ्या. मी म्हटलं, उद्या सांगते."

"उद्या कायले? इथंच..." शालिकराम म्हणाला, आणि मध्येच थांबला.

त्याला एकदम काहीतरी टोचलं. राउटर तापतो का, दमतो का, भिंतीला भितो का, त्याची खोड काय, सगळं त्यानं विचारलं होतं. दुकानदाराला विचारलं, लेकाला विचारलं, साऱ्या गल्लीला ओढायला लावून पाहिलं. आणि ही पोरगी इतकी वर्षं याच घरात, तिला तिच्याबद्दल कोणी एक गोष्ट विचारली नव्हती. त्यानंही नाही. त्याला स्वतःचा राग आला.

"सुचिता," तो म्हणाला, "तुले काय पायजे बाई?"

सीताबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"मले पुन्याले जायचं नाही मामाजी," सुचिता म्हणाली. "पोरगी इथं रमली, मलेही इथंच बरं वाटते. पन मले गोठ्यातही बसायचं नाही."

तिनं कपाळावरचा घाम पदरानं पुसला. "तुमी मेहनतीनं केलं, मले माहीत हाये, म्हनून बोलली नाही. पन तथी खिडकी नाही. पत्रा तापते. कोनी पाहुना आला आन विचारलं, सून काय करते, तं तुमी म्हन्ता, मागं हाये, घरीच असते. मी घरी नसते मामाजी. मी कामाले असते. मले समोरच्या खोलीत बसायचं हाये. तथी खिडकी हाये, रस्ता दिसते. येनाऱ्या-जानाऱ्याले दिसन का मी काम करून राह्यली."

"आन टीव्ही? आन मानसं येतेत ते?" शालिकरामच्या तोंडून निघून गेलं.

"मानसं मागं बसतीन," सीताबाई दारातूनच म्हणाली. "एवढा चुना मारला, फरशी घातली. तुमीच म्हन्ता ना, झकास खोली हाये. पंखाही हाये."

शालिकरामनं बायकोकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. काहून म्हणून विचारावं असं त्यात काहीच उरलं नव्हतं. तो उठला, समोरच्या खोलीत गेला, आपल्या खाटेवरची वाकळ गुंडाळून काखेत मारली आणि दुसऱ्या हातानं टीव्हीची वायर भिंतीतून काढली.